शिशाचा हत्ती

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे सगळी कपाटं एकदा उघडून बघायची असतात. दक्षिण मुंबईतल्या एका छोट्या संग्रहालयात मी वस्तूंची देखभाल करते. लोकांना काचेत दिसतात त्याच्या कितीतरी पट वस्तू मागच्या दोन खोल्यांत असतात आणि त्या खोल्या कधीच पुरत नाहीत. रुळांवर सरकणारी कपाटं, म्हणजे कॉम्पॅक्टर, घ्यायचं आमच्या मनात होतं. त्यात कपाटांमधल्या वाटा वाचतात, हवी तिथे एकच वाट उघडते. पण त्यात सगळं वजन थोड्या जागेवर येतं आणि आमच्या वरच्या मजल्याला जुन्या लाकडी तुळया आहेत. इंजिनिअरांनी नकार दिला. तळमजल्याची हिंमत आम्हालाच होईना. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस ज्यानं पाहिलाय, तो जमिनीलगत काही ठेवताना दहादा विचार करतो.

म्हणून तीन वर्षांपूर्वी नाण्यांसाठी प्लायवूडचे उथळ खण करून घेतले. जेमतेम दोन इंच उंचीचे, एकावर एक चोवीस. तीन कपाटांतली नाणी एकात मावली. दमट हवा आत जाऊ नये म्हणून दाराला रबरी पट्टीही लावली. आराखडा माझाच होता आणि मला त्याचा अभिमान होता.

यंदा सोळावा खण ओढताना आमचे मदतनीस काका थबकले. "मॅडम, हॉटेलात व्हिनेगरमधला कांदा देतात ना, तसला वास येतोय."

त्या खणात सातवाहनांची शिशाची नाणी होती, एकोणीस. कागदी पाकिटांवरचे क्रमांक स्वच्छ दिसत होते, पण पाकीट उचललं की आत काहीतरी रवाळ सरकायचं. पहिलं पाकीट मी ट्रेमध्ये हलकेच रिकामं केलं. पांढरी, पिठासारखी भुकटी पडली आणि तिच्यात कुरतडलेल्या बिस्किटासारखा एक करडा तुकडा. त्यावर वर उचललेली सोंड होती, गंडस्थळ होतं. बाकीचा हत्ती भुकटीत गेला होता.

काका फुंकर मारायला वाकले आणि मी त्यांचा हात घट्ट धरला. ती भुकटी शिशाचीच, म्हणजे विषारी. मास्क आणि हातमोजे घालूनच आम्ही पुढची पाकिटं उघडली. अकरा नाणी कमीअधिक गेली होती. शेजारच्या खणांतली चांदीची आणि तांब्याची जवळजवळ जशीच्या तशी होती.

झालं काय होतं, ते लगेच उमगलं, आणि त्यानंच जास्त लागलं. लाकडातून, आणि प्लायवूडच्या डिंकातूनही, आम्लाची वाफ सावकाश निघत राहते. मोकळ्या खोलीत ती विरून जाते. आमच्या दोन इंची खणात, रबरी पट्टीमागे, ती साठत गेली. शिशावर आम्ल, दमटपणा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचं मिळून पांढरं कार्बोनेट होतं, त्यात आम्ल पुन्हा मोकळं होतं आणि उरलेल्या शिशाला लागतं. पूर्वी रंगासाठी सफेदा असाच मुद्दाम बनवत, शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत कोंडून. हे मी शिकलेले होते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणीही ठाऊक होती. लाकडाचा किंवा कापडाचा नमुना, थोडं पाणी आणि शिसं, चांदी, तांबं यांच्या पट्ट्या एकत्र बंद करून ६० अंशांवर अठ्ठावीस दिवस ठेवायच्या आणि कुठली पट्टी खराब होते ते बघायचं. सुताराला कामाला लावण्याआधी ते अठ्ठावीस दिवस मी थांबले नव्हते. जागा हवी होती, घाई होती.

दुपारभर आम्ही नाणी हलवत होतो. पॉलिथिनच्या जाड फोममध्ये प्रत्येक नाण्याच्या मापाचा खळगा कापला, ते ट्रे घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत ठेवले आणि सोबत भट्टीत सुकवलेलं सिलिका जेल. पीव्हीसीचं काहीही नाही, तेही आम्ल सोडतं. भुकटी पुसली नाही. ते काम धातूंच्या संवर्धकाचं. ज्या नाण्याची भुकटी, ती त्याच क्रमांकाच्या कुपीत. डबे लोखंडी कपाटात रचले तर प्लायवूडपेक्षा एक फळी कमीच लागली. हे तीन वर्षांपूर्वीही जमलं असतं.

संध्याकाळी नोंदवही काढली. त्या नाण्यापुढे 'स्थिती' या रकान्यात माझ्याच अक्षरात 'उत्तम' लिहिलेलं होतं. ते खोडलं नाही. खाली तारीख घालून लिहिलं, 'सोंड व गंडस्थळ शिल्लक, उरलेला भाग नष्ट.'

काका किल्ल्या घेऊन दाराशी उभे होते. "मॅडम, हत्तीचा नंबर तोच राहणार ना?"

"तोच," म्हटलं, आणि वही मिटली.