आरएक्स १००चा क्रँककेस जोडताना बॉन्ड कसा लावावा : माझा अनुभव

यामाहा आरएक्स १००चं हेड, ब्लॉक, क्लच कव्हर या सगळ्यांना पॅकिंग असतं. पण मधोमध उभ्या फुटणाऱ्या क्रँककेसच्या (क्रँक आणि गिअर ज्यात बसतात त्या पेटीच्या) दोन भागांमध्ये कागदाचं पॅकिंग नसतंच. तिथे फक्त बॉन्डचा, म्हणजे ट्यूबमधून येणाऱ्या सील करणाऱ्या पेस्टचा, पातळ थर. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याची) खोली हाच मिश्रण ओढून ढकलणारा पंप असतो, त्यामुळे हा जोड नुसता ऑइल अडवत नाही. बाहेरून हवा ओढली की मिश्रणातलं पेट्रोल कमी पडून पिस्टन जाम होतो. गिअरबॉक्सच्या बाजूने गळला तर गाडीखाली थेंब पडत नाही, पण गिअर ऑइल क्रँकच्या खोलीत ओढलं जाऊन जळतं, कमी होतं आणि सायलेन्सर पांढरा धूर सोडत राहतो. पुष्कळदा अशा वेळी उगाच पिस्टनच्या रिंगा बदलल्या जातात.

निम्मं काम सफाईतच जातं. जुना बॉन्ड थिनरने भिजवून बांबूच्या चिपेने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो. स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की तीच गळतीची वाट. शेवटचा हात थिनरच्या कोऱ्या फडक्याने. पेट्रोलने पुसलं तर तेलकटपणा राहतो आणि बॉन्ड धरत नाही.

बॉन्ड पेट्रोलला टिकणाराच हवा. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, वर ॲल्युमिनियमलाही खातं. पेट्रोलला टिकणारं आरटीव्ही (हवेत आपोआप घट्ट होणारं) सिलिकॉन असेल तर त्यावर काही मिनिटांत साय धरते, म्हणून क्रँक, गिअर, डॉवेल पिना (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) बसवून, स्क्रू हाताशी ठेवूनच ट्यूब उघडतो. थिनर उडून जाणाऱ्या बॉन्डला उलट जरा थांबावं लागतं. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

एकाच भागाला लावतो, तोही बोटाने पसरून, खालचा धातू पुसट दिसेल इतकाच. क्रँकची खोली आणि गिअरबॉक्स यांच्यामधली चिंचोळी पट्टी कोरडी राहिली की पांढरा धूर ठरलेलाच. जास्त लावण्यातही धोका आहे : आत आलेली बॉन्डची शेवई सुकून तुटते आणि बेअरिंगला तेल देणाऱ्या भोकात अडकते. सीलच्या (क्रँकच्या टोकांभोवतीच्या रबरी कड्याच्या) ओठाला बॉन्ड अजिबात नको.

स्क्रू मधून बाहेर, आडव्या-तिडव्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळतो. टॉर्क पाना असेल तर ८ न्यूटन मीटरच्या आसपास. मग क्रँक हाताने फिरवून बघायचा. जड वाटला तर क्रँकच्या टोकावर रबरी हातोडीने हलका ठोका. बहुतेक वेळा लगेच मोकळा होतो. तरीही जडच राहिला तर बॉन्ड ओला आहे तोवर पुन्हा खोला.

२४ तास तसाच ठेवून, ब्लॉक-हेड चढवल्यावर हवेची परीक्षा. ब्लॉकवर सायलेन्सर जोडतात ते तोंड रबर आणि पत्र्याने बंद, प्लग बसवलेला, पिस्टन खाली. कार्ब्युरेटरच्या जागी बूच, त्यातून नळी. फुगा आणि घड्याळ मी जुन्या बीपी मशीनचं वापरतो : त्यावरचे २५० (मिमी पारा) म्हणजे जवळपास ५ पीएसआय दाब, तेवढा पुरतो. काटा मिनिटभर जवळपास जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर जोडावर आणि मॅग्नेटच्या सीलवर साबणाचं पाणी सोडा. बाहेर कुठेच बुडबुडा नाही, तरी काटा उतरतोय? गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर (हवा बाहेर जायच्या भोकावर) फेस धरा. तो फुगला तर क्लचकडचं सील किंवा तीच चिंचोळी पट्टी. आधी सील बदलून बघा, केस उघडायचा तो त्यानंतर.