तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीतली ‘ऑप्शनल’ गावं घ्यावीत का?

इटलीच्या अभ्याससहलीची पत्रकं घरी पोचली की मला पालकांचे फोन सुरू होतात. मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर इटलीला जाते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. तो साधारण असा: “मॅडम, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस तर मूळ खर्चात आहेच. खाली ऑप्शनल म्हणून सिएना, ऑर्विएतो, पिसा अशी गावं दिलीत. त्यांचे पैसे वेगळे. घ्यायचं का?” फोनवर घाईत अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

घ्या. पत्रकात दिलीत तेवढी सगळी मात्र घेऊ नका. एक घ्या, फार तर दोन, आणि ज्या गावात निदान पाच-सहा तास मिळणार आहेत तेच घ्या. बजेट ताणलं जात असेल तर व्हेनिसमधली गोंडोल्याची होडीफेरी सोडा, खरेदीला कात्री लावा, पण हा एक दिवस मुलांना मिळू द्या.

रोममध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं एकावर एक रचलेली आहेत. कलोसियम, त्याला लागून फोरम या जुन्या रोमन चौकाचे अवशेष, त्या अवशेषांच्या मधून मुसोलिनीने काढलेला रुंद रस्ता, वळलं की पोपच्या काळातलं चर्च. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे पहिल्याच फेरीत उलगडणं कठीण असतं. त्यात रांगा, सुरक्षा तपासणी, कानातल्या हेडसेटमध्ये अखंड चाललेलं निवेदन. मुलं दमतात आणि फोटो काढत पुढे सरकतात. दोष त्यांचा नाही. रोम पाहायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण एक गाव कसं चालत होतं, पाणी कुठून यायचं, सत्ता कोणाच्या हातात होती, बाजार कुठे भरायचा, शत्रू आला तर काय करायचे, हे वीस मिनिटांच्या पायी अंतरात दिसतं ते छोट्या गावात. अभ्याससहलीतला अभ्यास मला तिथे होताना दिसतो.

सिएनाला जा, असं मी आग्रहाने सांगते त्याचं कारण १३४८ हे साल. त्या वर्षी प्लेगने सिएनाचं कंबरडं मोडलं. त्याआधी हे शहर फ्लॉरेन्सच्या बरोबरीने उभं होतं, सावकारीत आणि व्यापारात श्रीमंत होतं. असलेलं कॅथेड्रल, म्हणजे शहराचं मुख्य चर्च, लहान वाटू लागलं, म्हणून १३३९ साली नव्याचं काम काढलं. जुनं अख्खं कॅथेड्रल नव्याची केवळ आडवी बाजू ठरावं, एवढा मोठा तो बेत होता. मग साथ आली, माणसं गेली, पैसा आटला आणि काम थांबलं ते कायमचं. त्या नव्या कॅथेड्रलची दर्शनी भिंत आजही तशीच उभी आहे, मागे छप्पर नाही. कॅथेड्रलच्या म्युझियममधून जिना चढून त्या भिंतीवर जाता येतं. वर्गात मी प्लेगवर दोन तास बोलले तरी जे पोचत नाही, ते त्या भिंतीवर उभं राहिलं की मुलांना आपसूक कळतं. पुढे १५५५ मध्ये सिएनाचं स्वातंत्र्यही गेलं. त्यामुळे नव्याने पाडापाडी करून बांधायला शहराकडे बळच उरलं नाही आणि चौदाव्या शतकातली रचना टिकली.

कांपो हा तिथला मुख्य चौक शिंपल्यासारखा पसरट, उताराचा, विटांचा. पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी त्याचे नऊ भाग पाडलेत. १२८७ ते १३५५ या काळात सिएनाचा कारभार नऊ जणांचं मंडळ पाहत असे, त्याची ती खूण. चौकाच्या वरच्या कडेला कारंजं आहे. सिएनाजवळ नदी नाही, म्हणून त्यांनी जमिनीखाली सुमारे २५ किलोमीटरचे बोगदे खणून पाणी आणलं. नदीशिवाय शहर कसं वसलं हा प्रश्न आपल्या मुलांना लगेच भिडतो, कारण उन्हाळ्यातला टँकर त्यांनी पाहिलेला असतो.

चौकाच्या खालच्या बाजूला नगरसभागृह आहे. त्यात ते नऊ जण ज्या दालनात बसायचे, त्या दालनाच्या तीन भिंती अँब्रोजिओ लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये रंगवल्या. विषय चांगलं राज्य आणि वाईट राज्य. दालनात देवादिकांची चित्रं नसून कारभाराची आहेत, आणि कारभार करणाऱ्यांनी बैठकीला बसलं की ती समोर दिसावीत अशी योजना आहे. एका भिंतीवर चांगल्या कारभाराचं गाव: चपला विकणारा दुकानदार, विद्यार्थ्यांपुढे बसलेला शिक्षक, परांचीवर चढून भिंत रचणारे गवंडी, गाढवावर लादलेला माल, वेशीबाहेर नांगरलेली आणि कापणीला आलेली शेतं. समोरच्या भिंतीवर शिंगं असलेला जुलमी राजा आणि त्याच्या पायाशी बांधून टाकलेली न्यायदेवता.

मधल्या भिंतीवर न्यायाच्या तराजूतून एक दोरी निघते. ती सलोखा म्हणून बसवलेल्या स्त्रीच्या हातात येते, आणि तिथून चोवीस नागरिक ती धरून ओळीने उभे आहेत. त्या स्त्रीच्या मांडीवर एक लाकडी वस्तू आहे. गाइड काही सांगायच्या आतच आमच्या गटातली एक मुलगी म्हणाली, “मॅम, हा रंधा आहे.” तिच्या वडिलांचा फर्निचरचा कारखाना आहे. रंधा कशाला, यावर मग पोरांनीच चर्चा केली. खालीवर असेल ते सपाट करायला, कोणी फार उंच होऊ नये आणि कोणी फार खाली राहू नये म्हणून, इथवर ती आपली आपण आली. पुस्तकातल्या फोटोत रंधा नखाएवढा दिसतो, त्याच्याकडे लक्ष जात नाही. हे दालन दुरुस्तीसाठी बंद असू शकतं, म्हणून त्या तारखेला उघडं आहे का, ते आयोजकांना आधीच विचारून ठेवा.

पालिओ ही घोड्यांची शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच चौकात होते. सिएनाच्या सतरा पेठा आहेत, प्रत्येकीचा झेंडा आणि चर्च वेगळं, आणि प्रत्येक वेळी त्यांतल्या दहाच धावतात. शर्यतीच्या दिवसांत विद्यार्थ्यांचा गट घेऊन जाऊ नये असं माझं मत आहे. गर्दीत गट सांभाळणं अवघड होतं आणि दालनं, गल्ल्या काहीच धड पाहून होत नाही.

रोममध्ये मुक्काम जास्त असेल आणि सिएना जमत नसेल तर ऑर्विएतो घ्या. रोमहून रेल्वेने साधारण सव्वा तास, आणि स्टेशनसमोरून केबलवर चालणारी छोटी गाडी थेट कड्यावर नेते. गाव ज्वालामुखीच्या मऊ दगडाच्या कड्यावर वसलंय. तिथलं कॅथेड्रल सुंदरच आहे, १२९० साली त्याचा पाया घातला, आणि आत लुका सिन्योरेल्लीने रंगवलेलं जगाच्या अंताचं दालन आहे. पण मी मुलांना आधी विहिरीकडे नेते.

१५२७ मध्ये पाचवा चार्ल्स या सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट ऑर्विएतोला येऊन राहिला. वेढा पडला तर कड्यावरच्या गावाला पाणी कुठलं, म्हणून त्याने अंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून विहीर खोदून घेतली. खोली ५० मीटरच्या वर, रुंदी सुमारे १३ मीटर. मधल्या पोकळीभोवती दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे, एकमेकांवर गुंडाळलेले आणि कुठेच एकमेकांना न भेटणारे. पाण्याच्या पखाली घेऊन खेचरं एका जिन्याने उतरायची, तळाशी छोटा पूल ओलांडायची आणि दुसऱ्याने वर यायची. समोरासमोर येऊन खोळंबा व्हायला नको. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत त्या खेचरांसाठी. मध्यावरून खाली पाहिलं की पोकळीच्या पलीकडच्या खिडकीत आपलाच मित्र दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. मुलांना हे फार आवडतं, आणि त्यातून भूमिती आणि व्यवस्थापन दोन्ही समजतं. साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटेची विहीर पाहिलेली मुलं असली तर प्रश्न आणखी चांगले येतात: तिथे मोट आणि बैल होते, इथे का नव्हते? तिथल्यासारखी राजाची बैठक इथे का नाही? सहलीआधी एखाद्या रविवारी लिंबला जाऊन या, असं मी म्हणूनच सांगते.

पिसा? मनोऱ्यापाशी फोटो काढून तासाभरात परत, अशी फेरी असेल तर नको. लुक्का या शेजारच्या गावाबरोबर जोडलेली असेल तर विचार करा. लुक्काचा तट चार किलोमीटरहून थोडा जास्त, अखंड, वर झाडं, आणि त्यावरून सायकल चालवता येते. सान जिमिन्यानो गावाचे चौदा बुरूज छान आहेत, पण ते सिएनाच्या दिवसातच घुसवलेलं असेल तर सिएना बुडतं. एका दिवसात तीन गावं असं पत्रकात दिसलं की समजा, मुलं बसमध्येच बसणार आहेत. युरोपात कोच चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाच्या एकूण तासांनाही मर्यादा असते. जुन्या गावांत मोठ्या गाड्यांना प्रवेश नसतो, कोच खाली थांबतो आणि चढून जावं लागतं. हा वेळ पत्रकात लिहिलेला नसतो, तो गावातल्या वेळातून जातो.

आता पत्रकात बहुधा नसतं असं एक गाव. उम्ब्रिया प्रांतात, वरच्या टायबरच्या खोऱ्यात, टेकडीवर तटबंदीतलं छोटंसं मोन्तोने. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, या भागात जर्मनांविरुद्ध ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे. वय अवघं २२. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मारले गेले किंवा घायाळ झाले. ते एकटे त्या मोर्चावर धावले, ग्रेनेड टाकला, गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून शेवटच्या दोघांशी भिडले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा तेव्हाचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही, नाव रोमच्या दक्षिणेला कसिनो गावातल्या युद्धस्मारकावर आहे. २०२३ साली मोन्तोनेच्या नगरपालिकेने त्यांच्या नावाने छायाघड्याळाचं स्मारक उभारलं.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ जण तिथेच मारले गेले. मराठी घरातली मुलं इटलीला जाऊन मायकेलअँजेलो पाहून येतात आणि हे त्यांच्या कानावरही पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, त्यावरून कोकणात जाणाऱ्या कितीतरी गाड्या रोज जातात. राव्हेन्ना शहराचे मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली भित्तिचित्रं, पाहायचा ऑप्शनल दिवस असेल तर त्याच्या पश्चिमेला सेनिओ नदी आहे, तेही सांगून ठेवते. ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून त्या नदीपार आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून आणलं, मग एकट्याने मशिनगनचे तीन मोर्चे बंद पाडले आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत परतले.

मोन्तोने पत्रकात नसलं तरी मागता येतं. पेरुजा किंवा असिसी मूळ कार्यक्रमात असेल तर तिथून ते जवळ आहे. पाच-सहा पालकांनी मिळून, तिकिटं निघायच्या आधी, आयोजकांना लेखी विचारलं तर बहुतेक वेळा वाट काढतात.

ऑप्शनलचे पैसे भरण्यापूर्वी एवढं विचारा: गावात प्रत्यक्ष किती तास, प्रवासाचे किती? परवानाधारक स्थानिक गाइड त्यात आहे का? प्रवेश तिकिटं धरलीत की तिथे भरायची? ज्या मुलांनी ऑप्शनल घेतलं नाही ती त्या दिवशी कोणाबरोबर असतील? हा शेवटचा प्रश्न मुलींच्या आया नेमका विचारतात आणि बरोबर विचारतात. सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत असतो, परदेशी मुलांनाही, त्यामुळे शाळकरी गटाकडून तिथल्या तिकिटाचे पैसे लावले असतील तर हिशेब मागा. सिएना आणि ऑर्विएतोची कॅथेड्रलं त्यात येत नाहीत, तिथलं तिकीट वेगळं.

जेवणाचं म्हणाल तर छोट्या गावांत दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाहीत. शाकाहारी मुलांना सिएनात पिची हा जाड शेवयांचा पास्ता मिळतो, उम्ब्रियात तोर्ता अल तेस्तो ही तव्यासारख्या तबकडीवर भाजलेली भाकरी पालेभाजी आणि चीज घालून मिळते. तिकडच्या पावात मीठ नसतं, मुलांना आधी सांगून ठेवा. बूट मात्र वापरून रुळलेलेच द्या, ही सगळी गावं चढउताराची आणि दगडी आहेत.