ओल्या फडक्यावर आलेला चेहरा

आमच्या प्रकल्पात तीन विषय होते आणि तिघांची कामे वेगवेगळी ठरलेली होती. एका जुन्या मनोरुग्णालयाच्या नोंदवह्यांना बुरशी लागली होती; ती कोणती, किती जिवंत आणि किती खोलवर गेलेली आहे हे मी पाहायचे, त्यातून काय वाचवता येईल हे कागद-संवर्धकाने ठरवायचे आणि वाचलेल्या मजकुरावरून त्या काळी मानसिक आजारांचे निदान व उपचार कसे होत असत याचा अभ्यास आमच्याबरोबरच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी करायचा, अशी ती वाटणी होती. प्रत्यक्ष कामाच्या पहिल्याच दिवशी ही वाटणी टिकणार नाही हे मला कळून चुकले.

दप्तरखान्यातला पाण्याचा नळ फुटून खालच्या दोन फळ्यांवरच्या वह्या भिजल्या होत्या आणि ते कोणाच्या ध्यानात येईपर्यंत बरेच दिवस गेले होते. भिजलेल्या कागदावर बुरशी रुजायला दोन-तीन दिवस पुरतात. तिला पाण्याचे थारोळे लागत नाही. कागद हवेतला ओलावा शोषून घेतो आणि त्यातला जो भाग तंतूंना घट्ट धरलेला नसतो, तेवढा तिला पुरतो. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवली तर बहुतेक बुरशींची वाढ थांबते, म्हणूनच दस्तऐवज सांभाळणारे लोक या आकड्याला इतके जपतात. आम्ही आत शिरलो तेव्हा माझ्या हातातला आर्द्रतामापक ७८ दाखवत होता आणि मुखपट्टीतूनही तो ओळखीचा कुबट वास येत होता.

सकाळ नमुने घेण्यात गेली. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा बुरशीवर अलगद टेकवायचा, काचपट्टीवर निळ्या रंगद्रव्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, अशी ही साधी पद्धत आहे. वह्यांच्या पाठीवर, जिथे बांधणीची खळ होती, तिथे ॲस्परजिलसची करडी-हिरवी वाढ होती, कारण खळ म्हणजे पिष्ट आणि पिष्ट पचवणे बुरशीला फार सोपे जाते. आतल्या पानांवरचे गडद डाग मात्र कीटोमियमचे निघाले. ही बुरशी कागदाचा मूळ तंतू, म्हणजे सेल्युलोजच खाते, त्यामुळे ती जिथे वाढते तिथे अक्षरे नुसती झाकली जात नाहीत, तर अक्षरांखालचा कागदच भुसभुशीत होऊन जातो.

दप्तरखान्याचे अभिलेखपाल सकाळपासून आमच्या मागे उभे होते. निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. या वह्या त्यांनी आयुष्यभर सांभाळल्या होत्या. "मॅडम, हे काळं आहे ते विषारी असतं का?" असे त्यांनी मला पहिल्या तासाभरात तीन वेळा विचारले. रंगावरून काही ठरत नाही, बीजाणू जिवंत असोत वा मेलेले, त्यांचा त्रास श्वासातून होऊ शकतो आणि म्हणूनच आपण मुखपट्टी व हातमोजे घालतो, असे मी तिन्ही वेळा सांगितले. माझे उत्तर बरोबर होते, पण ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. डॉक्टरांच्या लक्षात आले ते माझ्या आले नाही: हातमोजे घालूनही ते पुन्हा पुन्हा हात धुवून येत होते आणि एका विशिष्ट वहीकडे आम्ही वळलो की खोलीबाहेर जात होते.

ती वही दुपारी माझ्या टेबलावर आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली ती रुग्णनोंदवही होती आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात रुग्णाचे छायाचित्र खळीने चिकटवलेले होते. रुग्णांची नावे आम्ही झाकून ठेवत होतो. ती माणसे आज हयात नसली तरी त्यांच्या आजाराची नोंद कोणी वाचावी याला त्यांनी कधी संमती दिलेली नव्हती. परंतु बुरशी तपासायची म्हणजे पान ओळीओळीने भिंगाखाली न्यावे लागते आणि नाव झाकले तरी बाकीचे वाचल्यावाचून राहत नाही. एका पानावरच्या निदानाच्या रकान्यात 'जनरल पॅरालिसिस ऑफ द इन्सेन' असे लिहिलेले होते. तो माणूस आपल्याकडे अगणित घोडे आहेत असे सांगत असे, त्याचे बोलणे अडखळत असे आणि दोन वर्षांनी त्याच्या मृत्यूची एका ओळीची नोंद होती. पानाचा खालचा तिसरा हिस्सा, जिथे शरीरतपासणीचा तपशील असायला हवा होता, तो कीटोमियमने खाऊन टाकला होता.

डॉक्टरांनी मला त्या निदानाचा अर्थ समजावून सांगितला. उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, जंतू वर्षानुवर्षे शरीरात राहून मेंदूवर हल्ला करतो तेव्हा हा आजार होतो. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत तो जंतू प्रत्यक्ष दाखवला. मोठेपणाचे भ्रम, थरथरणारी जीभ, मग पक्षाघात आणि बहुधा काही वर्षांत मृत्यू, असा त्याचा क्रम असे आणि एके काळी मनोरुग्णालयांतल्या अनेक खाटा याच रुग्णांनी भरलेल्या असत. १९१७ मध्ये युलियस वाग्नर-याउरेग यांनी अशा रुग्णांना मुद्दाम मलेरियाची लागण करून तापाने हा आजार रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उपाय किती हताशपणे शोधले जात होते हे यावरून कळते.

छायाचित्राभोवतीच्या खळीच्या कडेवर निळसर हिरवी वाढ होती. तिचा नमुना काचेखाली घेतला तेव्हा कुंचल्यासारख्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना बीजाणूंच्या माळा दिसल्या. ते पेनिसिलियम होते; त्या नावाचा अर्थही लहान कुंचला असाच आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या डिशमध्ये याच कुळातली बुरशी वाढली होती आणि १९४३ मध्ये उपदंशावर पेनिसिलीनचा उपयोग होतो हे दिसून आल्यावर काही वर्षांतच हा आजार मनोरुग्णालयांतून ओसरू लागला. पानावरच्या त्या हिरव्या ठिपक्यात औषध होते असे मी मुळीच म्हणणार नाही. पेनिसिलियमच्या शेकडो जाती आहेत, त्यांतल्या थोड्याच पेनिसिलीन तयार करतात आणि नुसत्या कुंचल्यावरून जात सांगता येत नाही, त्यासाठी जनुकाचा क्रम तपासावा लागतो. तरीही त्या माणसाच्या नोंदीवर ती बुरशी बसलेली पाहून माझा हात थांबला. अनेक वर्षे मी या बुरशीकडे केवळ कागदाचा शत्रू म्हणून पाहत आले होते.

मग मी छायाचित्राकडे पाहिले आणि तिथे चेहरा नव्हता. कॉलर होती, खांदे होते, मागचा पडदा होता, पण मध्यभागी एक करडा, गुळगुळीत अंडाकार उरला होता. बुरशीचे नुकसान असे नसते. ते ठिपक्यांनी, कडांनी, जाळीने होते. "हे कोणी पुसलं का?" असे मी मान वर न करताच विचारले. कोणीही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने अभिलेखपाल आपल्या टेबलाकडे गेले, खणातून एक पाकीट घेऊन आले आणि त्यातून घडी घातलेले पांढरे फडके काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. त्यावर राखाडी रंगाचा एक पुसट डाग होता.

"बुरशी त्याच्या डोळ्यांवर आली होती हो मॅडम," ते म्हणाले. "मला ते बघवेना. फडकं जरासं ओलं केलं आणि हलक्या हातानं पुसलं. एकदाच."

ही गोष्ट त्यांनी तोवर कोणालाही सांगितली नव्हती आणि त्या दिवसापासून त्यांना धड झोप लागत नव्हती.

'तुमची काही चूक नाही' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. डॉक्टरांनी मला नजरेने थांबवले आणि म्हणाल्या, "नेमकं काय झालं ते त्यांना सांग. सगळं सांग." म्हणून मी सांगितले. असे छायाचित्र म्हणजे कागदावर जिलेटिनचा एक पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात. चेहरा त्या कणांचा बनलेला असतो. बुरशीला तोंड नसते, ती अन्न गिळत नाही. ती आपली पाचकद्रव्ये बाहेर सोडते, अन्न शरीराबाहेरच पचवते आणि विरघळलेले शोषून घेते. जिलेटिन हे प्रथिन आहे. निरोगी जिलेटिन थंड पाण्यात फुगते, पण विरघळत नाही. बुरशीच्या पाचकद्रव्यांनी त्याच्या साखळ्या तुटल्या की ते थेंबभर पाण्यातही विरघळू लागते. वरून चित्र शाबूत दिसत असते, धरून ठेवणारे काहीच उरलेले नसते. म्हणजे ते फडके लागण्याआधीच तो चेहरा सुटा झालेला होता. एवढे बोलून मी थांबू शकले असते, परंतु ते उरलेले अर्धे सत्य त्यांना आज ना उद्या कळलेच असते, म्हणून तेही सांगितले: आधी पूर्ण वाळवून, मग कोरड्या मऊ कुंचल्याने वरची बुरशी काढली असती, तर चेहऱ्याचा बराचसा भाग राहिला असता.

त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग बाकीच्या फोटोंचं काय करायचं?" सकाळपासूनचा हा त्यांचा पहिला प्रश्न होता ज्यात भीती नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. युरोपातल्या आठ शहरांतल्या हजारो प्रौढांच्या पाहणीत, ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण अधिक आढळले होते आणि त्या संबंधाचा काही भाग बुरशीने होणाऱ्या शारीरिक त्रासातून, तर काही भाग आपल्या घरावर आपले नियंत्रण उरलेले नाही या भावनेतून आलेला दिसत होता. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, हेही त्यांनी बजावले. मला मात्र त्यातून त्या गृहस्थांचे हात धुणे समजले. दिलासा देणारी माझी तिन्ही उत्तरे त्यांना निरुपयोगी होती, कारण त्यांतल्या एकानेही त्यांच्या हाती काही दिले नव्हते.

त्याआधी उरलेली दुपार आम्ही कामात घालवली होती. भिजलेल्या जाडजूड वह्या गुंडाळून उणे २० अंशांच्या शीतपेटीत रवाना झाल्या. थंडीने बीजाणू मरत नाहीत, पण वाढ थांबते आणि वाळवायला सवड मिळते. ज्या छायाचित्रांवर बुरशी होती, ती आर्द्रता उतरवून पूर्ण कोरडी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही असे ठरले. आधीच वाळलेली तीन होती. तिरक्या प्रकाशात बुरशीचा उंचवटा कसा दिसतो, कुंचला कडेकडे कसा न्यायचा आणि सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा निर्वातक, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, जाळीमागून कसा धरायचा हे संवर्धकाने दाखवले आणि तिसरे छायाचित्र अभिलेखपालांनी स्वतः साफ केले. त्यांचा हात आमच्या सर्वांहून स्थिर होता. सकाळ-संध्याकाळ आर्द्रतेची नोंद ठेवण्याची जबाबदारीही त्यांनी मागून घेतली.

शेवटी राहिला तो स्थितिअहवाल. प्रत्येक वस्तूची अवस्था, झालेले नुकसान आणि त्याचे कारण त्यात लिहावे लागते. त्या छायाचित्राचा अहवाल आपणच लिहू असे ते म्हणाले. 'ओल्या कापडाने पुसल्यामुळे जिलेटिनचा थर निघाला' हे वाक्य त्यांनी कर्त्यासकट, 'मी पुसले' असे लिहिले. फडके वाळवून, पाकिटात घालून, त्याच क्रमांकाखाली ठेवायचे ठरले. मग वर्णनाच्या रकान्यापाशी ते अडले. नाव लिहायचे नव्हते आणि छायाचित्रात तर आता कोणीच नव्हते. त्या वहीची प्रतिमा यापूर्वी कधीच घेतली गेलेली नव्हती. मी म्हणाले, "तुम्हाला आठवतं तसं लिहा."

त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिले: चाळिशीचा पुरुष, केस मागे वळवलेले, वरची गुंडी लावलेली, ओठ किंचित उघडे. नंतर आणखी एक ओळ घातली: "उजव्या डोळ्याची बाहुली डाव्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा बरीच लहान."

डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि त्यांना विचारले, "याची तुम्हाला खात्री आहे?"

"रोज पान उलटताना दिसायचं ते," ते म्हणाले. "मला वाटायचं, फोटोतच काही दोष असेल."

बाहुल्यांचा आकार असमान असणे हे त्या आजाराच्या ज्ञात खुणांपैकी एक आहे आणि तपासणीचा तो तपशील नेमका पानाच्या खाल्लेल्या भागात होता. डॉक्टरांनी ती ओळ आपल्या टिपणात उतरवून घेतली आणि तिच्यापुढे 'अभिलेखपालांच्या स्मरणावरून' असे लिहून तारीख घातली.