मालवणात बसायचं कुठे?

आज शनिवार, मालवण. रिक्षावाल्याला 'चांगला बार' विचारलात की एसीवाल्याच्याच दारात सोडणार. त्यापेक्षा 'मासेवाले खंय बसतत?' असं विचारा. बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत परमिट रूमची पाटी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गल्ल्यावर सुकट-शेंगदाण्याच्या पुड्या लटकलेल्या. हीच जागा.

आधी भाव विचारा. बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा तो चढाच असतो. क्वार्टर 180 मिली, म्हणजे तीन मोठे पेग, दोघांत भागते. चाखण्याला बांगडा रव्यात, तोही तव्यावरचा. गर्दीत घाईने तळला की आत कच्चा राहतो. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद, तेव्हा सुरमई बर्फातलीच समजा. सरळ सुके बोंबील सांगा.

आणि हो, गोव्यातली स्वस्त बाटली बांद्याच्या नाक्यावरून आणायच्या भानगडीत पडू नका. गाडीसकट अडकाल.