पिल्लाला बाहेर शी-शूची सवय लावताना

आधी एक सांगते, दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू फरशीवर शू करतं ते मुद्दाम नाही करत, त्याला धरवतच नाही. साधा हिशोब म्हणजे जेवढे महिने वय तेवढे तास, फार तर वर एखादा, आणि तेही शांत पडलेलं असताना. खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात परत येते. हे डोक्यात बसलं की निम्मी चिडचिड तिथंच संपते.

आमची चिंगी देशी आहे, कर्वेनगरला बहिणीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये झालेल्या पिल्लांपैकी. आम्ही राहतो कोथरूडला, चौथ्या मजल्यावर. ती आली तेव्हा लसी पूर्ण व्हायच्या होत्या आणि व्हेटनी स्पष्ट बजावलं की डोस होईपर्यंत जिथे बाकीची कुत्री फिरतात तिथे तिला खाली ठेवायचं नाही, कारण पार्व्हो. आजारी कुत्र्याच्या शीतून हा व्हायरस पसरतो, मातीत कित्येक महिने टिकतो, आणि लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले की हातात फार वेळ राहत नाही. लसी साधारण 6 ते 8 आठवड्यांना सुरू होतात आणि दर 3-4 आठवड्यांनी एक असं करत 16 आठवड्यांपर्यंत चालतात. म्हणजे नेमकं सवय लागायच्या वयात बाहेर नेता येत नाही, मग करायचं काय?

बहुतेक जण रद्दी पसरतात नाहीतर पॅड आणतात. मला ते पटत नाही, कारण पिल्लू नुसती जागा शिकत नाही, पायाखाली काय लागतंय तेही शिकतं. 8-9 आठवड्यांच्या सुमारास ही आवड पक्की व्हायला लागते. एकदा कागद डोक्यात बसला की नंतर बाहेर नेलं तरी काही करत नाही आणि घरी येऊन पायपुसण्यावर मोकळं होतं, हे मी ओळखीच्या घरांत पाहिलंय. म्हणून आम्ही गॅलरीत एक मोठा उथळ ट्रे ठेवला, त्यात नर्सरीतून आणलेली पिशवीतली माती आणि वर लॉनचा तुकडा. खालून उचलून आणलेली माती अजिबात नको, पार्व्हो त्यातूनच येतो.

आणि मग वेळा. झोपून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर 5 ते 30 मिनिटांत, खेळ संपला की, आणि झोपायच्या आधी. यात सवलत नाही, मीटिंग चालू असली तरी उठायचं. चिंगीकडे नीट बघितलं की कळायचं, खेळता खेळता एकदम थांबायची, तोंडातला बॉल सोडून द्यायची, नाक फरशीला लावून सोफ्याच्या मागे निघायची आणि तिथे गोल फिरायला लागायची. तेवढ्यात उचललं की झालं. ट्रेवर करून झालं की लगेच, म्हणजे एक-दोन सेकंदांत, तिथल्या तिथे शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. तो डबा गॅलरीतच ठेवायचा, किचनमध्ये जाऊन आणेपर्यंत पिल्लाला कळत नाही की कशाचं कौतुक चाललंय. पण पूर्ण होऊ द्या, मध्येच बोललात तर अर्धवट सोडून तुमच्याकडे पळत येतं आणि उरलेली हॉलमध्ये होते.

सासूबाईंचं म्हणणं होतं की दोन फटके दिले की बरोबर शिकते, त्यांच्या वाड्यात तसंच शिकवायचे. मी म्हटलं, आई, मारलं तर ती शू करायची थांबणार नाही, आपल्यासमोर करायची थांबेल आणि पलंगाखाली जाऊन करेल. पिल्लाचं नाक शूमध्ये घासायचंही तेच, त्याला काही संबंध लागत नाही, फक्त तुमच्या हाताची भीती बसते. त्यांना ते पटलं, आणि खरं सांगायचं तर चिंगीला सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं, कारण दिवसभर घरी त्याच असतात. "चल गं बाई, शू करून घे" हे एकच वाक्य घरातले सगळे म्हणायला लागलो आणि थोड्याच दिवसांत ते ऐकलं की ती स्वतःहून ट्रेकडे जायला लागली.

घरात झालंच तर फिनाईलने पुसू नका. आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो पण तिच्या नाकाला शूचा वास येतोच, आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. अमोनियावाली क्लीनर तर नकोच, वास शूच्या जवळचाच. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते सगळ्यात चांगलं, नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी.

लसी संपल्यावर खाली न्यायला लागलो तेव्हा ट्रेमधली थोडी ओली माती नेऊन कंपाउंडच्या भिंतीकडेच्या अशोकाखाली टाकली, कारण आमच्याकडे बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक. तिने वास घेतला, दोन गिरक्या घेतल्या आणि बसली, मला इतका आनंद झाला की विचारू नका. झाल्यावर लगेच वर आणू नका, थोडं फिरवा, नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे त्यांना कळतं आणि मग धरून ठेवतात. आणि शी उचला प्लीज. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या गाइडलाइन्सप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालता येत नाही, हे आपण सगळे कमिटीला ठणकावून सांगतो, मग पिशवी पण खिशात असायला पाहिजे.

पावसाळ्यात पिल्लं दारातच अडतात, तेव्हा आपण आधी छत्री घेऊन मातीवर जाऊन उभं राहायचं. साचलेल्या पाण्यात मात्र जाऊ देऊ नका, उंदरांच्या शूमुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचा) धोका असतो, त्याची लस वेगळी विचारून घ्या.

शेवटचं म्हणजे, व्यवस्थित शिकलेलं पिल्लू अचानक घरात थोडी थोडी, सारखी शू करायला लागलं तर रागावू नका, इन्फेक्शन असू शकतं. सकाळची पहिली शू उथळ वाटी पुढे करून धरा, स्वच्छ बाटलीत घाला आणि लगेच व्हेटकडे द्या.