अतिवृष्टी कशाला म्हणायचे?

अतिवृष्टी नेमकी कशाला म्हणायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नुकसानभरपाईचे अर्ज लिहून देताना मला दर पावसाळ्यात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: ‘शेतात गुडघाभर पाणी होतं, तरी आमच्याकडे अतिवृष्टी झाली नाही असं कसं म्हणतात?’

बोलताना आपण पिकाला झोडपून काढणाऱ्या कोणत्याही पावसाला अतिवृष्टी म्हणतो आणि त्यात गैर काही नाही. पिकांवर येणाऱ्या सहा ईती, म्हणजे संकटे, सांगणाऱ्या जुन्या संस्कृत श्लोकात पहिले नाव अतिवृष्टीचेच आहे आणि तिथेही तिला माप नाही. महसुली कागदात मात्र माप आहे: महसूल मंडळात, म्हणजे अनेक गावांच्या मिळून केलेल्या महसुली विभागात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची नोंद व्हावी लागते. म्हणजे एकरी सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. मुरमाड उतारावरून ते वाहून जाते, पण काळ्या चिकण रानात त्याच्या निम्मे पाणीही चार दिवस साचून राहिले तर सोयाबीन पिवळे पडते.

खरी अडचण त्या २४ तासांत आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे पाचला सुरू झालेला पाऊस अकराला थांबला, साडेआठपर्यंत ४० आणि नंतर ३५ मिलिमीटर पडला, तर शेतकऱ्याच्या लेखी तो एकच ७५ मिलिमीटरचा तडाखा असतो. नोंदवहीत मात्र तो दोन दिवसांत विभागला जातो आणि एकाही दिवशी अतिवृष्टी ठरत नाही.

जागेचेही तसेच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंद झाली. मग अनेक गावांच्या मंडळात एकाच ठिकाणचा आकडा प्रत्येक शिवाराला कसा लागू पडेल? माप असावे, याबद्दल माझे दुमत नाही; पण पावसाच्या मापाने नुकसान मोजले जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते. राज्य सरकारने २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानली, ते म्हणूनच योग्य झाले.

‘ढगफुटी’ हा शब्द तर अर्जात जपूनच वापरावा, कारण त्यासाठी साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो. त्यापेक्षा पाऊस कोणत्या तारखेला किती वाजता सुरू झाला, कधी थांबला, जमिनीच्या कोणत्या गटात किती दिवस पाणी साचले आणि पीक कोणत्या अवस्थेत होते, एवढे सरळ लिहावे. मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त नोंद असेल तरच पुढे ‘अतिवृष्टी’ लिहावे. नसेल तर ‘सततचा पाऊस’ किंवा ‘पाणी साचून झालेले नुकसान’ असे लिहून पंचनाम्याची मागणी करावी.