८० पुरे आहे

बाळ तासगावकडून आलं, जन्मून दुसरा दिवस. वजन ३ किलो, रडणं खणखणीत, धाप नाही. पण ओठ आणि जीभ जांभळी. भरपूर ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ६२ वरून हलेना. दुखणं फुप्फुसाचं असतं तर आकडा चढला असता, म्हणजे संशय हृदयाचा. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे सहकारी मिरजेहून निघाले होते. त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ नव्हता. सिस्टरना म्हटलं, फ्रीजमधलं प्रोस्टाग्लँडिन काढा.

पोटात असताना फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक नळी असते, डक्टस. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत ती मिटते. पण फुप्फुसाकडे जायची झडपच बंद असली तर बाळ त्या नळीवरच जगतं. इकोत तेच निघालं, पल्मनरी अट्रेसिया. प्रोस्टाग्लँडिन ही नळी उघडी ठेवतं.

"म्हंजे मेन पाट बंद, चारीवर भागवायचं," आजोबा म्हणाले.

५०० मायक्रोग्रॅमचं अँप्युल ५० मिलीत मिसळलं, सिरिंज पंप ताशी ०.९ मिलीवर. फुप्फुसातून एकदा फिरलं की यातलं बहुतेक औषध संपतं, म्हणून धार तुटून चालत नाही. दुसऱ्या हातालाही सुई लावून ठेवली. (अशी दोन अँप्युल नवजात बाळांच्या प्रत्येक अतिदक्षता विभागात असावीत असं माझं ठाम मत आहे, एक्स्पायरी होऊन वाया गेली तरी.)

अर्ध्या तासात आकडा ८० झाला आणि बाळाचा श्वास थांबला. हा या औषधाचा ठरलेला गुण. तळपाय चोळून भागेना, बॅगनं श्वास दिला, डोस निम्म्यावर आणला. पुण्याला जायचं होतं. खंबाटकीच्या घाटात श्वासाची नळी घालत बसण्यापेक्षा इथंच घातली.

आजोबांची नजर मॉनिटरवरून हटेना. "८० वरच का थांबलंय? ऑक्सिजन वाढवा की!"

"बाबा, उलट मी कमी केलाय. जास्त ऑक्सिजननं ती चारी आकसते. ह्याला ८० पुरे."

त्यांना काही पटलं नाही. डॉक्टर हात राखून देतोय, असंच त्यांच्या तोंडावर होतं. अँब्युलन्सवाल्यालाही त्यांनी बाजूला घेऊन सांगून पाहिलं.

पुण्यात डक्टसमध्ये स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसला, प्रोस्टाग्लँडिन बंद झालं. बापानं फोनवर हे सांगितलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "आता तरी शंभर करतील का, इचार त्यास्नी."